पाण्याजवळची केबिन

अंघोळीनंतर घालायचा पांढरा झगा हुकाला टांगलेला होता. मास्तरीणबाईंनी त्याचा पट्टा ओढून काढला, गॅलरीच्या दाराच्या मुठीला दोन वेढे दिले आणि दुसरं टोक टेबलाच्या पायाला आवळून बांधलं. टेबल भिंतीतच पक्कं बसवलेलं होतं. गाठीला एक हिसका देऊन बघितला. दार आता वाऱ्यानेच काय, माणसानेसुद्धा सहज उघडलं नसतं.

पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेले मास्तर हे सगळं बघत होते.

“दार बांधलं म्हणजे जहाज बुडायचं थांबतं का गं?”

“शुभ बोला जरा. समुद्रावर आहोत.”

“मी एवढंच म्हटलं, रात्री उघडं ठेवून झोपू. लाटांचा आवाज येईल.”

“आवाजाबरोबर ओल येईल. उद्या सांधे धरले की शेकत कोण बसणार? आणि त्या बाईंनी काय सांगितलं ते ऐकलंत ना? ते दार उघडलं की ए.सी. आपोआप बंद पडतो.”

“पडू दे. आपल्या घरी कुठे आहे ए.सी.? अजून वितळलो नाही आपण.”

त्या बाई म्हणजे केबिनची झाडलोट बघणाऱ्या, त्यांच्या लेकीच्याच वयाच्या, हसऱ्या बाई. जहाजावर चढल्यावर त्यांनीच दोघांना खोली दाखवली होती. दिव्यांची बटणं कुठली, नळ कसा फिरवायचा, आणि गॅलरीचं दार उघडं असताना बोळाकडचं दार मुळीच उघडायचं नाही. वारा आरपार घुसतो, दार हातातून सुटतं आणि तोफ उडाल्यासारखं आपटतं. एवढ्या सूचनांमधून मास्तरीणबाईंनी आपल्या कामाची तेवढी उचलली होती.

“उद्या बघू,” असं म्हणून त्यांनी दिवा मालवला.

 हट्ट करणं मास्तरांच्या स्वभावातच नव्हतं. सगळा जन्म लोकांच्या अंगाला टेप लावण्यात गेलेला. गिऱ्हाईक म्हणेल ती बाही, म्हणेल ती कॉलर. ते कोट शिवत, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे, आणि मास्तरांची बायको म्हणून या मास्तरीणबाई. खरं म्हणजे दुकानातली निम्मी सुई त्यांचीच होती. काज करावं तर त्यांनी. त्यांनी केलेलं काज कोट फाटला तरी उसवत नसे.

ओल, सांधे, ए.सी. ही सगळी सांगायची कारणं होती. खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात, ऐन कामाच्या दिवसांत, मास्तर बेतायच्या टेबलाशी उभे राहून लोकरीचं कापड कापत होते. मास्तरीणबाई त्यांच्याकडे पाठ करून काजं करत होत्या. कापडातून चालणाऱ्या कात्रीचा आवाज थांबला. कंबर ताठ करत असतील, असं त्यांना वाटलं. हातातलं काज पुरं करावं म्हणून त्या टाके घालत राहिल्या. दोरा दाताने तोडून मागे वळल्या, तर मास्तर कापडावर आडवे झालेले, गाल खडूच्या रेघांवर, आणि कात्री अजून बोटांत अडकलेली.

मास्तर वाचले. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, “आता पहिल्यासारखं वागा. फिरा, कामं करा, मस्त झोपा.” मास्तरांनी ते मनावर घेतलं आणि हळूहळू दुकानात बसू लागले. मास्तरीणबाई मात्र तेव्हापासून कान टवकारून जगत होत्या. दिवसा कात्री थांबली की त्यांची मान वळे. रात्री कात्री नसे, म्हणून त्या श्वास ऐकत. पंख्याचा आवाज मध्ये येतो म्हणून पंखा बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ टकटक करतं म्हणून त्याची रवानगी स्वयंपाकघरात झाली. तिथूनही ऐकू येतं असं वाटल्यावर ते कपाटात, दुलयांच्या घडीत गेलं. मास्तरांनी चकार शब्द काढला नाही.

काळोखात पडून त्या ऐकत. एक लांब ओढ, मध्ये जराशी अडखळ, मग सावकाश सुस्कारा. पुन्हा ओढ. हाताखालची टीप सरळ चाललीय की नाही हे जसं न बघता कळतं, तसा तो श्वास त्यांना पाठ झाला होता. तो ऐकू येत होता तोवर सगळं ठीक होतं. आणि ऐकायचं म्हणजे जागं राहणं आलं. डोळ्याला डोळा लागायचा तो उजाडल्यावर, गॅसवर चहा ठेवून उभ्या उभ्या. एकदा पातेलं करपून काळं पडलं. एकदा तर त्यांच्या हातून, त्यांच्या स्वतःच्या हातून, पुरुषाच्या कोटाची काजं उलट्या बाजूला झाली. ते लेकीने पाहिलं आणि हात टेकले. आठवड्याभरात तिने आईबाबांची सफर ठरवली. “समुद्राची हवा खाऊन या,” म्हणाली, “दुकान कुठे पळून जात नाही.”

आता समुद्र होता, हवाही होती, पण दार बंद होतं. यंत्रांची बारीक घरघर जमिनीतून येत होती, तिची त्यांनी थोड्या वेळात सवय करून घेतली, तिच्या पलीकडून मास्तरांचा श्वास वेगळा काढला आणि रात्रभर तो धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी काय व्हायचं तेच झालं. सकाळी खाण्याच्या हॉलमध्ये काट्याला पपईची फोड टोचलेली, हात अर्ध्यावर, आणि मास्तरीणबाई बसल्या जागी डुलक्या घेताहेत. दुपारी जादूचे प्रयोग बघायला गेल्या, तर दिवे मंदावताच त्यांचं डोकं शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या खांद्यावर. ते बिचारे संकोचाने ताठ बसून राहिले. त्यांच्या पलीकडे त्यांची बायको होती. तिने मध्यंतरात जागा बदलली.

“काय शोभा करून घेतली मी,” बाहेर आल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या.

“जादूगाराने पेटीतून बाई गायब केली, तेव्हा तू घोरत होतीस. लोकांना वाटलं, तोच आवाज.”

त्या हसल्या नाहीत. मास्तरही मग हसायचे थांबले. दोघं कठड्याशी उभी होती. खाली जहाजाच्या अंगाला घासून पाणी पांढरं होत मागे जात होतं.

“एक मागू?” मास्तर म्हणाले.

“काय?”

“आज दार उघडं ठेव.”

“पुन्हा तेच!”

“एवढा समुद्र काचेतून बघायचा म्हणजे कपाटातलं कापड बघितल्यासारखं झालं. हात लावायचा नाही, उलगडायचं नाही. मी कधी काही मागतो का तुझ्याकडे?”

नव्हते मागत. पथ्याचं अळणी जेवणसुद्धा नाक न मुरडता जेवत. मास्तरीणबाईंनी पाण्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. शर्टाच्या वरच्या बटणाशी शस्त्रक्रियेच्या खुणेचं टोक दिसत होतं.

“एकच रात्र,” त्या म्हणाल्या. “आणि पांघरूण गळ्यापर्यंत घ्यायचं.”

त्यांनी मनाशी वेगळाच बेत केला होता. मास्तरांना झोप लागली की उठायचं आणि दार गुपचूप ओढून घ्यायचं. सकाळी त्यांच्या आधी उठून परत उघडायचं. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

रात्री मास्तरांनी गाठ सोडली, दाराची मूठ खाली दाबली आणि जड दार बाहेर ढकलून भिंतीवरच्या हुकाला अडकवलं.

समुद्र एकदम खोलीत आला. त्यांची केबिन पार खालच्या मजल्यावर, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. तागेच्या तागे कुणी न थांबता फाडत सुटावं, तसा तो आवाज होता. एक तागा संपायच्या आत दुसऱ्याला हात घातलेला. खोलीतला पडदा फुगला, खारट वारा चादरीत शिरला. मास्तर शेजारी आडवे झाले आणि मास्तरीणबाईंनी कान लावला.

काहीच नाही. मास्तर आहेत की नाहीत तेच कळेना.

त्या जरा सरकल्या. तरी नाही. कोपरावर उठून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला. गालाला वारा लागला, पण तो मास्तरांचा की समुद्राचा? मग त्यांनी पांघरुणाखालून हात घालून त्यांच्या छातीवर ठेवला.

“आहे अजून,” काळोखात मास्तर म्हणाले. “झोप.”

आणि कूस बदलून ते पलंगाच्या पार कडेला गेले, हात पुरणार नाही इतके. मास्तरीणबाईंना राग आला. एवढ्या वर्षांत हा माणूस कधी असा पाठ फिरवून झोपला नव्हता. बरं, झोपू दे, त्यांनी ठरवलं. थोडा वेळ जाऊ दे, मग उठतेच. उशीवर डोकं टेकलं. कान काही ऐकत नव्हते, नुसते उघडे होते. तागे फाटत होते. आता उठू, त्या मनाशी म्हणाल्या. हा एवढा एक तागा झाला की उठू.

जाग आली तेव्हा पायांवर ऊन होतं.

नुसतं ऊन नव्हे, चटका देणारं ऊन. आपण कुठे आहोत हे त्यांना आधी उमगेना. अंग कुणाचं तरी दुसऱ्याचं असावं तसं जड आणि सैल झालं होतं. तोंड कोरडं. उशीवर लाळेचा डाग. त्यांनी शेजारी हात टाकला.

पलंग रिकामा होता. चादर गार लागली.

“अहो?”

दार रात्री अडकवलं होतं तसंच सताड उघडं. त्या अनवाणी गॅलरीत धावल्या. दोन खुर्च्या, मध्ये छोटंसं टेबल, टेबलावर मास्तरांचा चष्मा, काड्या मिटवून नीट ठेवलेला. चष्म्याशिवाय त्यांना दोन हातांवरचं माणूस ओळखू येत नसे. मास्तरीणबाईंनी कठडा धरला आणि खाली बघितलं. पाणी पांढरं होत मागे जात होतं.   मी झोपले, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं. मी झोपले. मी झोपले.

त्या तशाच आत आल्या, न्हाणीघराचं दार ढकललं. कुणी नाही. मग बोळाकडचं दार खसकन ओढलं, आणि वाऱ्याने डाव साधला. पडदा छताला भिडला, टेबलावरचे कागद उडाले, दार हातातून सुटून असं काही आपटलं की बोळातला दिवा थरथरला. मास्तरीणबाई बाहेर, दार बंद, दार उघडायचं कार्ड आत. अंगावर चुरगळलेला गाऊन, केस मोकळे.

दोन खोल्या पलीकडे केबिनच्या बाई टॉवेलांची गाडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हातातला गठ्ठा टाकला.

“अगं बाई! काकू, लागलं का कुठे?”

“हे कुठे गेले? हे खोलीत नाहीत. चष्मा बाहेर ठेवलाय. हे—”

“कोण, काका?” बाई गोंधळून हसल्या. “ते वर जेवायला गेलेत ना. मगाशी मी खोली आवरायला आले, तर ते दार घट्ट धरून, किलकिलं करून उभे. तोंडावर बोट. म्हणाले, आज आवरायचं नाही, आत झोपल्यात. मी विचारलं, बरं नाहीये का? तर म्हणाले, छान आहे, फार छान आहे. असे काय हसत होते! जाताना दार आपटू नये म्हणून आम्ही दोघांनी धरून लावलं.”

“जेवायला? आता?”

“दुपार झाली, काकू.”

मास्तरीणबाईंनी भिंतीला हात लावला. तेवढ्यात बोळाच्या टोकाशी लिफ्टचं दार उघडलं आणि मास्तर बाहेर आले. हातात रुमालाने झाकलेली ताटली. चष्मा नसल्यामुळे खोल्यांचे आकडे वाचायला प्रत्येक दाराला नाक लावत, सांभाळून, एकेक पाऊल टाकत येत होते. शस्त्रक्रियेनंतर ते एकटे कुठे गेले नव्हते. कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा मास्तरीणबाई बरोबर असत.

त्यांनी मास्तरांना पुरतं जवळ येऊ दिलं आणि मग तोफ डागली.

“चष्मा ठेवून कुठे भटकताय? पडला असतात तर? जिना चुकला असता तर? माणसाला काही सांगून जायची पद्धत?”

“जेवायला चष्मा कशाला लागतो? तोंड कुठे आहे ते माहीत आहे मला,” मास्तर म्हणाले. मग डोळे बारीक करून त्यांनी मास्तरीणबाईंकडे बघितलं. “तू का रडतेस?”

“कोण रडतंय?”

बाईंनी आपल्या कार्डाने दार उघडून घट्ट धरलं, दोघं आत जाताच हळूच लावून घेतलं आणि त्या टॉवेल मोजायला निघून गेल्या. मास्तरीणबाई आत येऊन पलंगावर बसल्या. श्वास पोटापर्यंत जात होता. कितीतरी दिवसांनी डोकं हलकं होतं, मागे बांधलेलं काहीतरी सोडल्यासारखं. मास्तरांनी ताटली टेबलावर ठेवली, चष्मा आणून डोळ्यांवर चढवला, उडालेले कागद वेचले आणि एक मोठी जांभई दिली.

“मी पडतो जरा. पहाटेपासून उठून बसलोय बाहेर.”

ते आडवे झाले आणि त्याच वेळी फोन वाजला. लेकीचा होता.

“आई! काल दिवसभर लागतच नव्हता. कसे आहात? आणि केबिन खालचीच मिळाली ना? का मेल्यांनी वरची दिली?”

“खालचीच आहे. का गं?”

“का काय! बाबांनी जीव खाल्ला होता माझा. लोक वरची मिळावी म्हणून भांडतात, आणि यांना पाण्याजवळची पाहिजे. बुकिंगवाल्याला तीनदा विचारायला लावलं, आवाज कुठल्या मजल्यावर जास्त येतो म्हणून. आणि दार रात्री उघडं ठेवता येतं का. तो म्हणाला, ताई, लोक आवाज नको म्हणून फोन करतात हो.”

मास्तरीणबाईंनी पलंगाकडे बघितलं.

“आई? ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“झोप लागते का तुला तिथे?”

“लागते,” त्या म्हणाल्या. “नंतर बोलते मी तुझ्याशी.”

फोन ठेवून त्या वळल्या. मास्तर डोळे मिटून पडले होते, पण झोपलेले नव्हते. पापण्या हलत होत्या.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“घड्याळ दुलईत गेलं तेव्हापासून.”

“मग बोलला नाहीत ते?”

“बोलून काय झालं असतं? नाही ऐकत म्हणाली असतीस, आणि ऐकतच राहिली असतीस.” डोळे न उघडता त्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. त्यांचा आवाज जड व्हायला लागला होता. “आता मात्र जरा हळू घेतो हं. चालेल ना?”

“काय हळू घेता?”

“श्वास गं. रात्र रात्र नुसता ओढतोय. तुला ऐकू जावा म्हणून. मध्ये मला डुलकी लागली, आवाज बारीक झाला, की तू दचकून उठून बसायचीस... मग काय, पुन्हा...”

पुढचं वाक्य आलं नाही.

मास्तरीणबाई त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या. मास्तरांचं तोंड किंचित उघडं पडलं होतं, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता. लांब ओढ नाही, अडखळ नाही, सुस्कारा नाही. पांघरूण तेवढं वर जात होतं आणि खाली येत होतं, इतकं सावकाश की बघत राहिलं तरच कळावं. त्यांनी लोंबणारा हात उचलून आत ठेवला. मास्तरांना पत्ताही लागला नाही.

मग त्यांना सडकून भूक लागली. ताटलीवरचा रुमाल काढला. पाव, लोणी, उकडलेली अंडी, केकचा तुकडा. त्यांनी उभ्यानेच सगळं खाल्लं, बोटाला लागलेलं लोणीसुद्धा चाटलं. तेवढ्याने काही भागलं नाही. चहा तर हवाच होता, चांगला मोठा कपभर.

त्यांनी केस बांधले, कपडे बदलले, आठवणीने कार्ड घेतलं. बोळाकडचं दार उघडायचं म्हणजे आधी गॅलरीचं लावायला हवं, नाहीतर पुन्हा तोफ. त्यांनी हुक काढून दार अलगद ओढून घेतलं. लाटांचा आवाज तिथल्या तिथे तुटला. खोलीत इतकी शांतता पसरली की कान लावला असता तर श्वासही ऐकू आला असता. मुठीवर हात ठेवून त्या क्षणभर थांबल्या. मग चपला शोधल्या, पायात सरकवल्या आणि बाहेर पडल्या.

लिफ्टमध्ये त्या कालच्या जागा बदललेल्या बाई होत्या. दोघी आपापल्या बाजूच्या भिंतीकडे बघत राहिल्या. दोन मजले गेल्यावर त्या बाईंनाच राहवलं नाही.

“आज एकट्याच? मिस्टर कुठे?”

“झोपलेत,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि कुठल्या मजल्यावर चहा चांगला मिळतो, ते त्यांनी त्या बाईंना विचारलं.